राजाचा झाला चेक

मुलुंडचा चेकनाका. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हाच गेली. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवर छोट्या गाड्यांचा टोलही बंद झाला. तरी रिक्षावाल्याला ‘चेकनाका’ एवढंच सांगा, तो पुढे काही विचारत नाही. तिथे तपासायचं फारसं उरलेलं नाही, नाव मात्र पक्कं बसलंय. ‘चेक’ या शब्दाची ही जुनी खोड आहे. काम बदललं तरी तो जागा सोडत नाही, आणि जुनी जागा न सोडता नवीही बळकावतो.

*

एका मराठी घरातले एका दिवसातले चेक: बाबांचं बीपी चेक केलं. चेक वटला का? चेक्सचा शर्ट इस्त्रीला टाक. गाडीत चेकर चढला. विमानाचं वेब चेक-इन झालं. धाकट्याने थोरल्याला चेकमेट केलं. इंग्रज यांतल्या पैशाच्या चेकचं स्पेलिंग वेगळं करतो, अमेरिकन तेही करत नाही. देवनागरीत तर सगळे एकाच रांगेत, एकाच गणवेशात उभे.

गंमत म्हणजे हे सगळे खरोखरच एक आहेत. उच्चार सारखा पण कुळं वेगळी, असा प्रकार इथे नाही. कूळ एकच, आणि मूळपुरुष इराणी: शाह. म्हणजे राजा.

*

प्रवास असा. आपला चतुरंग इराणात गेला, तिथे त्याचा ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’. हिंदुस्थानातून हा खेळ नौशिरवानच्या दरबारात कसा आला, याची कथा फिरदौसीच्या शाहनाम्यात आहे. खेळताना समोरच्याच्या राजावर रोख धरला की इराणी खेळाडू ‘शाह!’ म्हणून सावध करी. म्हणजे ‘राजा सांभाळ’. हा पुकारा अरबांबरोबर युरोपात गेला. तिथे लॅटिन ‘स्काक्कुस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’, आणि इंग्रजीत ‘चेक’. एस्चेकचं अनेकवचन ‘एस्चेस’, त्याचा झाला ‘चेस’. म्हणजे इंग्रजीत या खेळाचं नाव अक्षरशः ‘राजे’ आहे.

जर्मन या खेळाला ‘शाख’ म्हणतो, रशियन ‘शाखमाती’. रशियनाने तर शह आणि मात दोन्ही जोडून खेळाचंच नाव करून टाकलं. फ्रेंचांचा ‘एशेक’ सर्वांत उदास. त्यांच्याकडे त्या शब्दाचा आजचा नेहमीचा अर्थ ‘अपयश’.

*

आता ध्वनी. ‘शाह’मध्ये एक श, एक ह. ‘चेक’मध्ये एक च, एक क. एकही व्यंजन जुळत नाही. मग ही सोयरीक कसली?

लॅटिनमध्ये ‘श’ नव्हता. तिथल्या लेखनिकांनी त्याच्या जागी ‘स्क’ घातला. शेवटचा ‘ह’ही त्यांना पेलवेना, त्याचा ‘क्क’ केला. झालं ‘स्काक’. फ्रेंच जिभेला शब्दारंभी ‘स्क’ नको होता, म्हणून पुढे ‘ए’चा टेकू आला. (आपल्या उत्तरेकडचे लोक ‘इस्कूल’ म्हणतात, तीच सोय.) शिवाय फ्रेंचमध्ये ‘का’चा ‘चा’ होत होता. झालं ‘एस्चेक’. इंग्रजांनी हा शब्द घेताना पुढचा ‘एस्’ झटकून टाकला. उरला ‘चेक’. म्हणजे आजचा ‘च’ हा मुळातल्या ‘श’चाच अवशेष आहे, आणि ‘क’ हा त्या बिचाऱ्या ‘ह’चा.

*

फ्रेंचकडून घेतला तर ‘शेक’ का नाही, ‘चेक’ का? कारण उसनवारीची तारीख. इंग्लंडात नॉर्मन आले १०६६ मध्ये. त्या काळात फ्रेंच लोकही ‘च’च म्हणत. पुढे तेराव्या शतकाच्या सुमारास फ्रेंचांचा ‘च’ घसरून ‘श’ झाला. इंग्रजांनी ज्या शब्दांची आयात आधी केली त्यांत ‘च’ टिकला: चेअर, चेंबर, चेस, चेक. उशिरा आणले त्यांत ‘श’ आला: मशीन, शँपेन, शेफ. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ हा एकच फ्रेंच शब्द दोनदा घेतलेला आहे. पोलीस आयुक्तालयातले चीफ आणि हॉटेलच्या भटारखान्यातले शेफ भाषेच्या हिशेबाने सख्खे भाऊ.

ही एवढी युक्ती शाळेत कुणी सांगितली असती तर स्पेलिंगची निम्मी रडारड वाचली असती.

*

आपल्या तोंडी चेक सुखाने बसतो. मराठीत दोन ‘च’ आहेत: ‘चोर’, ‘चूक’, ‘चमचा’ यांतला दंत्य आणि ‘चिमणी’तला तालव्य. ‘इ’ आणि ‘ए’च्या आधी मराठी जीभ आपोआप तालव्य ‘च’ काढते. इंग्रजांनाही तोच हवा. फरक स्वराचा. त्यांचा ‘ए’ आखूड, जबडा थोडा खाली सोडून काढलेला. आपला किंचित लांब आणि वरचा. त्यामुळे काही बिघडत नाही, बँकेत तर मुळीच नाही.

बिघडतं ते पैशाच्या चेकच्या स्पेलिंगमध्ये. शेवटी क्यू, यू, ई. नवशिका मुलगा ‘चेक्यू’ वाचतो, आणि त्याच्या बाजूने तर्क आहे. या शेपटाची हकीकत पुढे येते.

*

आता ज्यासाठी ही वही उघडली ती गोष्ट. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकिए’ म्हणत, मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा खजिना एका टेबलावर मोजला जाई. ते टेबल नेमकं कसं होतं हे आपल्याला ठाऊक आहे, कारण खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७७ च्या सुमारास या कचेरीवर गुरुशिष्यसंवादाच्या रूपात एक पुस्तकच लिहिलं. टेबल सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद. काठाला चार बोटं उंचीची कड, वरच्या सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून. त्यावर काळं कापड, कापडावर पट्टे. एकेका रकान्यात पेन्स, शिलिंग, पौंड, विसा, शेकडा, हजार. रकान्यात सोंगट्या मांडायच्या, सरकवायच्या, उचलायच्या. कापडाच्या त्या पट्ट्यांमुळे टेबलाला नाव पडलं ‘एक्सचेकर’, आणि टेबलाचं नाव कचेरीला.

सोंगट्या का? रोमन आकड्यांत शून्य नाही, स्थानाची किंमत नाही. त्यांत हिशेब लिहून ठेवता येतो, करता येत नाही. करायला पट लागतो. फिबोनाचीने हिंदी अंकांचा गाजलेला ग्रंथ लिहिला तो १२०२ मध्ये, या टेबलानंतर. थोडक्यात, हिंदुस्थानातून निघालेल्या दोन वस्तूंपैकी बुद्धिबळाचा पट इंग्रजांच्या तिजोरीत आधी पोचला आणि शून्य मागाहून. शून्य आधी पोचलं असतं तर ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आज ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणायची वेळ बहुधा आली नसती.

प्रांताप्रांताचे शेरीफ ईस्टरला आणि मायकेलमसला या टेबलासमोर येऊन हिशेब देत. शेरीफ एका बाजूला, खजिनदार दुसऱ्या बाजूला, भोवती बघे. फिट्झनील स्वतःच म्हणतो की बुद्धिबळात जशी दोन राजांची लढाई, तशी इथे या दोघांची. कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला दरसाल राजाच्या पटावर उभं करून शह द्यायचा, हा प्रकार मला फार समजूतदार वाटतो.

*

शेरीफने पैसे भरले की पावती मिळे ती लाकडाची. हेझलच्या काठीवर खाचा पाडत. हजार पौंडांची खाच तळहाताइतकी रुंद, शंभरची अंगठ्याइतकी, विसाची करंगळीइतकी, एका पौंडाची जवाच्या फुगीर दाण्याइतकी. मग काठी उभी चिरायची. अर्धी देणाऱ्याकडे, अर्धी घेणाऱ्याकडे. पुढे वाद झाला तर दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवायच्या. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. अक्षर न येणाऱ्यालाही फसवता येत नसे.

ही पद्धत १८२६ पर्यंत चालू होती. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी जुन्या काठ्यांचे ढीग लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत घातले गेले. धुराड्यांनी पेट घेतला आणि वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, म्हणजे संसदच, जळून गेली. आजची बिग बेनवाली इमारत त्यानंतरची. टर्नरने ती आग रंगवली, डिकन्सने पुढे एका भाषणात सरकारी कारभाराची टिंगल करताना तिचा समाचार घेतला. सरपण म्हणून काठ्या गरिबांना वाटून टाकल्या असत्या तर, हा त्याचा मुद्दा. त्याला उत्तर नाही.

*

ब्रिटनच्या पंतप्रधानांचं बकिंगहॅमशरमधलं गावाकडचं सरकारी घर: ‘चेकर्स’. बाराव्या शतकात ही जमीन एक्सचेकरमधल्या एका कारभाऱ्याकडे होती, त्यावरून नाव पडलं असं सांगतात. १९२१ पासून पंतप्रधान ते वापरतात. भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या मुक्त व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या त्या याच घरी. चतुरंग गेला त्या देशातून माणसं सहीला आली, हे तिथे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

*

राजाला शह बसला की खेळणाऱ्याचे बाकीचे सगळे बेत थांबतात. आधी राजा. त्यातून ‘चेक’ला ‘अडवणूक’ हा अर्थ आला, त्यातून ‘लगाम’, लगामातून ‘नियंत्रण’. नियंत्रण ठेवायचं तर बघावं लागतं, म्हणून सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘तपासणे’. आपण जो अर्थ पहिला समजतो तो असा रांगेत बराच मागे आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या चर्चेत ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हा शब्दप्रयोग १७८७ पासून गाजतो. त्यातला चेक तपासणीचा नाही. तो लगामाचाच आहे, किंबहुना शहाचाच. न्यायालयाने सरकारला, संसदेने अध्यक्षाला दिलेला. मराठी अग्रलेखांत त्याचं ‘तपासणी आणि संतुलन’ असं भाषांतर दिसलं की वाईट वाटतं. शह आपल्याकडे घरचा असताना!

*

पैशाचा चेक. लंडनमध्ये लिहिलेला, आजवर टिकलेल्या सर्वांत जुन्या इंग्रजी चेकांपैकी एक १६ फेब्रुवारीचा आहे, त्या काळच्या गणनेने साल १६५९. निकोलस व्हॅनॅकर नावाच्या माणसाने क्लेटन आणि मॉरिस या पेढीला लिहिलं की अमुक गृहस्थांना ४०० पौंड द्यावेत. तेव्हा त्याला चेक म्हणत नव्हते, ती नुसती चिठ्ठी होती. आपल्याकडच्या हुंडीवाल्यांना यात नवल वाटलं नसतं.

अठराव्या शतकात ‘चेक’ म्हणत ते चिठ्ठीला नाही, तिच्या उरलेल्या अर्ध्या भागाला. अफरातफरीला आळा म्हणून पेढीत ठेवायचा तुकडा, सरकारी पावतीपुस्तकात ज्याला आपण ‘स्थळप्रत’ म्हणतो तो. बँक ऑफ इंग्लंडने १७१७ मध्ये खास कागदावर छापील नमुने द्यायला सुरुवात केली. हळूहळू स्थळप्रतीचं नाव फाडून दिलेल्या कागदाला चिकटलं. खुणेच्या काठीचंच हे कागदी नातवंड आहे, दोन अर्ध्यांचा मेळ तोच.

आणि ते शेपूट? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स विल्यम गिल्बार्ट या बँकरने आपल्या बँकिंगच्या पुस्तकात क्यू-यू-ईचं स्पेलिंग मुद्दाम वापरलं. त्याची कारणं सरळ होती: इतर चेकांशी घोटाळा होत नाही, आणि एक्सचेकरशी मेळ बसतो. इंग्लंडने ते उचललं, अमेरिकेने नाही. सरकारी खजिन्याचा रुबाब बँकेच्या चिठोऱ्याला चढवण्यासाठी लावलेली ही झूल आहे. आपल्याकडे ती ब्रिटिशांबरोबर आली आणि राहिली.

*

हिंदुस्थानात चेकची कायदेशीर व्याख्या १८८१ च्या नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ६ मध्ये आहे. लोकांना मात्र पाठ आहे ते कलम १३८. ते १ एप्रिल १९८९ पासून लागू झालं: खात्यात पैसे नसल्याने चेक परत गेला तर तो गुन्हा. आज शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘एकशेअडतीस टाकली’ हे वाक्य तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहा पिताना सहज कानावर येतं. काय टाकलं, कुणावर टाकलं, हे सांगावं लागत नाही.

या बाबतीत मराठीचं क्रियापद इंग्रजीपेक्षा सरस आहे. इंग्रजी चेक चेंडूसारखा उसळी मारून परत येतो. आपला ‘वटतो’ किंवा ‘वटत नाही’. ‘वटणे’ हे हुंडीचं, नाण्यांच्या मोडीचं, वटणावळीचं क्रियापद, बाजारात मुरलेलं. चेक आला तेव्हा ते तयार होतं. ‘धनादेश’ हा शब्द कागदावर ठीक आहे. पण ‘धनादेश वटला’ म्हणणारा माणूस बँकेच्या रांगेत मला अजून भेटायचा आहे.

एक घोळ इथेच नोंदवतो. बँकेत ‘क्रॉस चेक’ म्हणजे कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारलेला, खात्यातच जमा होणारा. वर्तमानपत्राच्या कचेरीत ‘क्रॉसचेक’ म्हणजे बातमीची दुसऱ्या ठिकाणाहून खातरजमा. ‘क्रॉस चेक केलास का?’ या प्रश्नाची उत्तरं दोन्हीकडे अगदी वेगळी.

*

अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या मराठी आईबापांसाठी: हॉटेलात जेवण झाल्यावर वेटर ‘चेक’ आणतो. ते बिल असतं. बरोबरची खूण म्हणजे ‘चेक मार्क’. ‘चेकर्स’ हा तिकडे पटावरचा सोंगट्यांचा खेळ. ‘रेन चेक’ म्हणजे, बेसबॉलचा सामना पावसाने वाहून गेला तर पुढच्या सामन्याला चालणारा तिकिटाचा तुकडा, १८८० च्या दशकातला. आता तो ‘आज नको, पुन्हा केव्हातरी’ या अर्थाने निमंत्रण टाळायला वापरतात. कुणी ‘रेन चेक’ म्हणालं तर पैसे मिळणार नाहीत, जेवायलाही कुणी येणार नाही.

*

चेक्सचं कापड हे पटाचं आणखी एक अपत्य. चौकडीचा शर्ट, चौकडीची लुंगी. आपला ‘चौकडी’ हा शब्द पुरेसा चांगला असताना दुकानदार ‘साहेब, चेक्स दाखवू?’ विचारतो. गोव्यातली कुणबी साडी लाल-पांढऱ्या चौकडीची. ती मागे पडली होती, वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्याच वेषभूषाकाराने तिला पुन्हा उजेडात आणलं. ग्लासगोच्या पोलिसांच्या टोपीवरची चौकडी १९३२ ची, तिथले मुख्य अधिकारी पर्सी सिलिटो यांची कल्पना. आता ती अनेक देशांच्या पोलिसांवर दिसते.

*

या गोतावळ्यात नसलेला एकच: टेनिसच्या बातम्यांतला. इंग्रजीत त्या देशाच्या नावाचा उच्चार हुबेहूब ‘चेक’, पण तो तिथल्या लोकांच्या स्वतःच्या नावावरून, आणि स्पेलिंग पोलिश धाटणीचं. आपल्या वर्तमानपत्रांनी पूर्वीपासून ‘झेकोस्लोव्हाकिया’ आणि ‘झेक’ लिहून दोघांत अंतर ठेवलंय. उच्चाराला चूक, सोयीला बरोबर.

*

‘शाह’ शब्दाच्या आणखी मागे गेलं तर प्राचीन इराणी भाषेत ‘क्षायथिय’ सापडतो, राजा. तो आणि आपला ‘क्षत्रिय’ एकाच मुळातले, सत्ता गाजवणे या अर्थाच्या धातूचे. ‘क्षत्रप’ही त्यातलाच. क्षत्रप नहपानाची सत्ता नाशिक-जुन्नरवर होती. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पाडाव केला आणि त्याच्या नाण्यांवर स्वतःचा ठसा उमटवला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यांतली निम्म्याहून जास्त अशी दुहेरी ठशाची. राजाला शह आणि मात म्हणजे काय, याचा इतका ठोस पुरावा दुसरा नसेल.

आणखी जवळचं सांगायचं तर शहाजीराजे. अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला मालोजींनी नवस केला होता, म्हणून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी, अशी परंपरा आहे. त्या ‘शहा’तला आणि ‘चेक’मधला राजा एकच. गुजराती ‘शहा’ आडनाव मात्र यातलं नव्हे, ते ‘साधू’वरून, सावकार या अर्थाचं. ‘शाहीर’ही नाही. तो अरबी ‘शाइर’, कवी.

*

म्हणजे एकच राजा मराठीत दोनदा आला. एकदा फारसीच्या वाटेने ‘शह’ होऊन, घोड्यावरून, ‘मात’, ‘प्यादे’, ‘वजीर’ यांच्यासह. आणि एकदा युरोपला वळसा घालून, जहाजातून, ‘चेक’ होऊन. पहिला आपण राजकारणाला दिला: शह, काटशह. यातला ‘काट’ आपला आणि ‘शह’ त्यांचा, जोड बेमालूम. ‘मात’ करायला आपल्याला राजाही लागत नाही. दुष्काळावर, आजारावर, गरिबीवर मात करतो. आणि दुसरा दिला बँकेला, शिंप्याला आणि डॉक्टरला.

*

शेवटी एक मत. पैशाचा चेक खुशाल लिहावा, ‘धनादेश’साठी अडून बसू नये. चेकनाका, चेक-इन, चेकर हेही राहू द्यावेत, त्यांनी जागा कमावली आहे. पण ‘चेक करणे’ हे क्रियापद मात्र आवरायला हवं. दार लागलंय का ते बघावं. गणित पडताळावं. दोन हिशेब ताडून पाहावेत. आंबा पारखावा. बातमीची खातरजमा करावी. नाडी तपासावी. नाणं वाजवून घ्यावं. या सात कामांना मराठीत सात क्रियापदं आहेत, आणि इंग्रजांना या सगळ्यांसाठी तो एकच थकलेला राजा राबवावा लागतो. लिहिणाऱ्यांनी निदान छापायला देण्याआधी आपला मजकूर एकदा नजरेखालून घालावा आणि जिथे जिथे ‘चेक केले’ दिसेल तिथे यांतलं योग्य ते बसवावं.